चॅल्डनच्या चर्चमधलं शिडीचं चित्र चुन्याखाली टिकलं कसं?

फिरस्ती: इंग्लंडात सरे परगण्यातल्या चॅल्डन गावचं सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्च पाहून आले. बाहेरून अगदी साधं. आत गेले, मागे वळले आणि थबकलेच. पश्चिमेच्या भिंतीवर सुमारे १७ फूट रुंद, ११ फूट उंच चित्र, सगळं गेरू आणि पिवडीच्या रंगात. मधोमध शिडी, तिच्यावर धडपडणारे जीव. खाली ज्वाळांत बसलेला सावकार, त्याच्या तोंडातून नाणी गळताहेत! इ. स. १२०० च्या सुमाराचं आहे म्हणे. मग त्यावर चुना कोणी फासला? आणि तरी ते उरलं कसं?

चुनेगच्ची: जुन्या गिलाव्यांची डागडुजी हेच माझं काम, म्हणून लिहितो. त्या काळी प्रार्थना लॅटिनमध्ये चालायची, गावकऱ्यांना अक्षरओळख नव्हती. पापपुण्य काय ते भिंतीच सांगायच्या. पुढे धर्मसुधारणा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या प्रथांविरुद्धची चळवळ आली. १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या राजवटीत मूर्ती आणि चित्रं हटवण्याचे हुकूम सुटले, आणि गावोगावच्या भिंती पांढऱ्या झाल्या.

चुन्याचा थर भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल आत कोंडत नाही. झाकायला लावलेला चुनाच पांघरूण झाला. १८६९ मध्ये नव्याने चुना मारायला भिंत खरवडत असताना तिथल्या पाद्र्याला रंग दिसला. त्याने काम थांबवलं, म्हणून तुम्हाला सावकार दिसला. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

फिरस्ती: मग बाकीच्या चर्चमधली चित्रं कुठे गेली?

चुनेगच्ची: बरीचशी एकोणिसाव्या शतकातच गेली. दगड उघडा दिसावा म्हणून जीर्णोद्धाराच्या नावाखाली गिलावाच खरवडून टाकत. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. नंतर सापडलेल्या चित्रांवर जपणूक म्हणून मेण चढवलं गेलं, त्याने ओल आत कोंडली आणि रंग सुटू लागले. असं मेण मी काढलं आहे, तळहाताएवढ्या जागेला अख्खा दिवस जातो. चुना परवडला, मेण नको.

पुन्हा गेलात तर सावकाराच्या उजवीकडे, अगदी कडेला बघा. एक झाड आहे आणि त्यात साप. आदमची गोष्ट तिथे सुरू होते, बहुतेकांची नजर शिडीवरच खिळते.

फिरस्ती: झाड पाहिलं होतं, साप सुटला! फोटो मोठा करून आत्ता शोधला.