पाळी जायच्या वयात वडापाव सोडायचा का?

दादरकरीण: वय ४८, पाळी कधी येते कधी नाही. पोट सुटलंय. जिममधली पोरगी म्हणते भात बंद, साखर बंद, रात्री नुसतं सूप. दोन दिवस पाळते आणि मग ऑफिसातून येताना स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला की रात्रभर स्वतःलाच शिव्या. तुम्ही काय करता?

मुलुंडची_मावशी: अगं भात सोडून कोण जगलंय! इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) कमी झालं की चरबी पोटाकडे सरकते, स्नायू पण घटतात, त्यात वडापावचा काय दोष? मी भात एक मूदच घेते पण ताटात वाटीभर मटकीची उसळ नाहीतर बांगडा हवाच. आणि वडापाव खायचाय ना, मग बसून चवीने खा, लोकल पकडताना कोंबू नकोस.

गिरगावकर: कॅल्शियम बघ आधी. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिग्रॅ लागतं, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५०, म्हणजे दही-ताक जोडीला हवंच. मला कडक गरम चहाने घाम फुटतो, चहा सोडला नाही, गार करून पिते (घरचे हसतात, हसूदेत).

दादरकरीण: सूप कॅन्सल 😀 उद्या गुरुवार, बांगडा परवा.