ऑनले दुसऱ्यांदा निघाला, आत सिमेंट कच्चंच! उद्याच्या आत सांगा

जुळेसोलापूरकर: उद्या अकराला पेशंट येतोय. खालच्या सहाव्या दाढेचा ऑनले (दाढेचा वरचा भाग झाकणारा, चिकटवलेला तुकडा) महिन्यात दुसऱ्यांदा निघाला. कडेचं सिमेंट दगड, मधलं मात्र एक्सप्लोररनं (टोकदार सळईनं) लोण्यासारखं खरवडून येतंय. सिमेंट घट्ट करायचा लाइट दिवाळीतच घेतलाय, चांगला ४० सेकंद धरला होता. लाइट परत करू का? "बाँडिंग नीट करा" सांगू नका, ते केलंय.

दाढदुखी: ऑनले कशाचा? जाडी किती? सिमेंट कुठलं?

जुळेसोलापूरकर: सिरॅमिकचा. सिमेंट रेझिनचं. लाइटचं सांगा ना.

दाढदुखी: सिरॅमिकचा म्हणजे झिरकोनिया की लिथियम डायसिलिकेट? आणि सिमेंट नुसतं लाइट क्युअर, म्हणजे फक्त प्रकाशानं घट्ट होणारं, की ड्युअल, प्रकाशानं आणि रासायनिक क्रियेनंही? डबा बघून सांगा.

जुनाखोड: आमच्या वेळी काचेची पाटी गार करायची, झिंक फॉस्फेट थोडं थोडं कालवायचं आणि कॅप बसवायची. सोलापूरच्या मे महिन्यात पाटीखाली बर्फ ठेवायचो. त्यातल्या कित्येक कॅपा अजून तोंडात आहेत. लाइट नाही, बॅटरी नाही.

दाढदुखी: सर, तुमच्या कॅपा धातूच्या, चारही बाजूंनी पकड असलेल्या. ऑनले चिकटण्यावरच टिकतो. तिथं झिंक फॉस्फेट काय धरणार?

जुनाखोड: तर मग कॅपच करायची होती.

नवीपेठवाला: मी पेशंट आहे. कॅप बसवल्यावर कडक भाकरी चालते का? आणि शेंगा चटणी?

जुळेसोलापूरकर: लिथियम डायसिलिकेट. शेड ए-३.५, म्हणजे गडद. जाडी मोजली, मध्ये अडीच मिलिमीटरच्या वर. सिमेंट व्हेनियरचं (पुढच्या दातांवर चिकटवायच्या पातळ पापुद्र्याचं) उरलं होतं तेच वापरलं.

दाढदुखी: हे आधी सांगितलं असतं तर सकाळीच विषय मिटला असता! व्हेनियरचं म्हणजे बहुतेक नुसतं लाइट क्युअर. व्हेनियर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, प्रकाश आरपार जातो. अडीच मिलिमीटरच्या गडद सिरॅमिकमधून खाली फार थोडा पोचतो. सिमेंट घट्ट व्हायला सुरुवात करून देणारा यातला कॅम्फरक्विनोन ४७० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशानं जागा होतो, तो प्रकाशच मिळाला नाही तर सिमेंट कसं घट्ट होणार? कडेला लाइट थेट लागला, म्हणून कडा दगड.

झिरकोनियाप्रेमी: झिरकोनिया करा, कटकटच नाही.

दाढदुखी: झिरकोनिया याहून अपारदर्शक. त्यातून तर आणखी कमी प्रकाश जातो. आणि सिरॅमिक खरखरीत करायच्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा त्यावर उपयोग नाही; सँडब्लास्ट करा, एमडीपीचा (झिरकोनियाला धरणाऱ्या रसायनाचा) प्रायमर लावा. वेगळीच कहाणी.

विजापूररोड: तात्पुरतं सिमेंट लवंग तेलवालं होतं का? त्यातलं युजेनॉल राहिलं तरी रेझिन नीट घट्ट होत नाही. माझ्याकडे तसंच झालं होतं.

जुळेसोलापूरकर: नाही, युजेनॉलविरहित होतं. पण नवा लाइट असून प्रकाश जात नाही हे पटत नाही.

दाढदुखी: मग स्वतःच बघा. तोच ऑनले स्वच्छ करा. दोन पारदर्शक पट्ट्यांमध्ये त्याच सिमेंटचा ठिपका दाबा, वर ऑनले ठेवा, त्यातून ४० सेकंद लाइट द्या. दुसऱ्या ठिपक्यावर ऑनलेशिवाय. मग दोन्ही खरवडा. लाइटच्या टिपला दात भरायचं जुनं कॉम्पोझिट चिकटलेलं नाही ना, तेही बघा.

जुळेसोलापूरकर: केलं. उघडा ठिपका कडक. ऑनलेखालचा मधोमध मऊ. लाइट बिचारा निर्दोष. आता काय? सिमेंट नवं आणू?

दाढदुखी: ड्युअल क्युअर आणा. पण ड्युअल म्हणजे लाइट नको असं नाही. बऱ्याच ड्युअल सिमेंटना लाइट दिला नाही तर ती कमजोर राहतात. फ्रिजमधून आधी काढा, गार असेल तर रासायनिक क्रिया मंदावते. दोन-तीन सेकंद लाइट देऊन बाहेर आलेलं जास्तीचं सिमेंट काढा, मग गालाकडून, जिभेकडून, वरून, प्रत्येक बाजूनं पूर्ण वेळ. जुनं सिमेंट आतून काढल्यावर ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, तोंडाबाहेर, हातमोजे घालून. धुऊन, वाळवून सायलेन (सिरॅमिक आणि रेझिनला जोडणारं द्रव्य) लावा.

विजापूररोड: ड्युअलमधल्या अमाइन या रसायनानं रंग पिवळट होतो.

दाढदुखी: सहाव्या दाढेला कोण बघतंय?

जुळेसोलापूरकर: धन्यवाद. पेशंट अक्कलकोटहून येतो, तिसऱ्यांदा बोलावतोय. काय सांगू?

जुनाखोड: सांगा की, सिमेंट चुकीचं घेतलं. फी घेऊ नका. आणि मला एक सांगा, अडीच मिलिमीटर जागा होती तर कॅप का नाही केली?

नवीपेठवाला: माझ्या कडक भाकरीचं काय झालं?

विजापूररोड: आमटीत कुस्करून खा की ओ.