उपास ठीक, पण तराजूच्या काट्याचं काय?

ताई, ईस्टरआधीच्या उपासकाळात चाळीस दिवस मटण सोडलं की पावित्र्य येतं का, असं तुम्ही विचारलंत. मला बायबलमधला जक्कय आठवतो. यरीहो शहराचा मुख्य जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू घरी आला तेव्हा जक्कयनं उपासाचं नाव काढलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत, असं सरळ बोलून मोकळा झाला.

माझे आजोबा किराणा दुकानदार. (उपदेशाला डुलक्या काढायचे, ते सोडा.) एकदा मालाच्या पारड्याखाली गुळाचा खडा चिकटलेला सापडला, म्हणजे गिऱ्हाइकांना माल कमी गेला होता. संध्याकाळी उधारीची वही घेऊन निघाले, घरोघर साखरेची पुडी देत. जेवण, प्रार्थना सगळं त्यानंतर, रात्री अकराला. आजी मात्र चिडलेली.