साबणावरचा पांढरा थर: सोडा ॲश की कच्चा कॉस्टिक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हौस म्हणून घरी कोल्ड प्रोसेसने (मिश्रण न शिजवता) साबण करते. या घाण्याने मात्र गोंधळात पाडलंय.

ऑलिव्ह तेल ६०० ग्रॅम, खोबरेल ३००, एरंडेल १००. कॉस्टिक सोडा १४१ ग्रॅम, म्हणजे ५ टक्के तेल मुद्दाम शिल्लक राहील असा हिशोब. पाणी ३२० ग्रॅम. भांडी स्टीलची, सोडा पाण्यात घातला (उलटं करत नाही, घाबरू नका!). ट्रेसही (मिश्रण दाटसर होण्याची खूण) छान आला, ब्लेंडरवरून ओघळलेली धार वर उमटून राहत होती. साचा उघडाच ठेवला, दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या.

आता वरच्या बाजूला पांढरा थर आलाय, बोटाला खडूसारखा लागतो. शिवाय प्रत्येक वडीच्या मधोमध गडद गोल आणि कडा फिकट. एक जण म्हणतं कॉस्टिक जास्त झालाय, टाकून दे. किलोभर तेल टाकायचं जिवावर आलंय. मुरल्यावर अंगाला लावता येईल का?

प्रतिसाद १:
अजिबात टाकू नका. एक ग्रॅम तेलाला ऑलिव्हसाठी ०.१३५, खोबरेलसाठी ०.१८३ आणि एरंडेलसाठी ०.१२८ ग्रॅम सोडा धरला, तर सगळ्या तेलाला १४९च्या आसपास लागला असता. तुमचा कमीच आहे. वरचा थर सोडियम कार्बोनेटचा, म्हणजेच सोडा ॲश: साबण व्हायचा बाकी असलेला सोडा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटला की तो धरतो. साचा उघडा, त्यात पाणी सढळ, मग येणारच. मधला गोल म्हणजे अर्धवट जेल (साबण तापून जेलीसारखा होणं, तेही फक्त मधे). मध्यभाग तापला, कडा गार राहिल्या. दोन्ही फक्त दिसण्याचे प्रश्न. वाफ दाखवलीत तर थर बराचसा जातो. पुढच्या वेळी पाणी २८०वर आणा आणि साचा झाकून टॉवेलात गुंडाळा. ४ ते ६ आठवडे मुरू द्या, मग खुशाल वापरा.

प्रतिसाद २:
सहमत, पण वडीच्या आत बघितलंत का? आत पांढरे टणक खडे किंवा पाणी सुटलेले कप्पे असतील तर तो न विरघळलेला किंवा वेगळा झालेला कॉस्टिक असू शकतो. तसं असेल तर हातमोजे घालूनच हाताळा आणि अंगाला लावू नका.

धागाकर्ती:
आत खडे नाहीत, कप्पेही नाहीत, एकसंध आहे. हुश्श! वजनकाटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, चालेल ना?

प्रतिसाद १:
किलोच्या घाण्याला चालेल. २०० ग्रॅम तेलाचा छोटा घाणा करणार असाल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या, तिथे एका ग्रॅमनेही फरक पडतो.