प्रशिक्षणाचे तास मोजायचे की वर्गातला बदल?

चर्चाप्रस्ताव : फळा-खडू

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे मात्र तिचा अर्थ तास भरणे असा लावला गेला आहे. 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षणाचे घटकसंच पूर्ण करायचे, शेवटची चाचणी सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे आणि केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहाच्या, गटावर टाकायचे, की प्रशिक्षण झाले. त्यानंतर वर्गात काय बदलले, हे पाहायला सहसा कोणी येत नाही. माझ्या मते तासांची अट काढून प्रशिक्षणाचे मूल्यमापन वर्गातच व्हावे आणि ते केंद्रातील शाळा पाहणाऱ्या केंद्रप्रमुखांनी करावे. १९९० च्या दशकात केंद्रशाळा योजना आली ती शाळेला जवळून शैक्षणिक मदत मिळावी म्हणून. आज केंद्रप्रमुखांचा बराचसा वेळ माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातो.

प्रतिसाद : जुना साधनव्यक्ती

निदान बरोबर आहे, पण उपाय पटत नाही. तासांची अट काढली, तर दुर्गम भागातील द्विशिक्षकी शाळेपर्यंत काहीच पोहोचणार नाही. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयाने प्रशिक्षण शिक्षकांच्या मागणीवर सोपवले. कल्पना उत्तम होती, परंतु आपल्याला काय येत नाही हे ज्याला उमगलेलेच नाही, तो मागणी कशाची करणार? त्या काळात कृतीतून शिकवण्यासाठी गाजलेले साताऱ्याचे कुमठे बीट (शाळांचा गट) पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. त्यांतील अनेकांनी परतल्यावर फरशीवर तक्ते रंगवले, मात्र मुले त्यांवर बसून नेमके काय करतात, हा प्रश्न मागेच राहिला. (फरशी रंगवायला निधी मिळतो, विचार करायला मिळत नाही.) शिवाय मूल्यमापन केंद्रप्रमुखांकडे दिले, की ती तपासणी होते आणि तपासणीच्या दिवशी शिक्षक अडचण सांगत नाही, लपवतो.

उत्तर : फळा-खडू

तपासणीची भीती रास्त आहे, म्हणून मदत कशी असावी ते उदाहरणाने सांगतो. तिसरीतील मुलगी ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिते. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सरळ सातातून दोन वजा करते. शिक्षकाने फुली मारून 'हातचा विसरलीस' असे म्हटले, तर तिच्या पदरी काहीच पडत नाही. मागे बसलेल्या केंद्रप्रमुखांनी तास संपल्यावर ती वही शिक्षकासमोर ठेवली, दोघांनी चूक कुठून आली ते शोधले आणि दुसऱ्या दिवशी दशकाचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या करून दाखवायचे ठरवले, तर ते कोणत्याही चित्रफितीपेक्षा उपयोगी ठरेल. भेटीला गुण नकोत, शेरेबुकही नको. पुढच्या भेटीत त्याच मुलीची वही पाहिली की पुरे.

प्रतिसाद : दोन वर्ग, एक बाई

आपण दोघेही केंद्रप्रमुख उपलब्ध आहेत असे धरून चालला आहात. अनेक केंद्रांत ते पद रिक्त असते आणि एखादे मुख्याध्यापक स्वतःची शाळा सांभाळून प्रभार पाहतात. त्यांनी वर्गात मागे बसावे केव्हा? मी पहिली आणि दुसरी एकाच खोलीत घेते. मला बोलावलेल्या प्रशिक्षणांत जोडवर्गाचा विषय शेवटच्या दिवशी जेवणानंतर उरकला जातो. केंद्रातील शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेत शासकीय पत्रांचे वाचन थांबवून तो वेळ एकमेकांच्या मुलांच्या वह्या पाहायला दिला, तरी नव्या पदाची किंवा निधीची गरज पडणार नाही.

प्रतिसाद : जुना साधनव्यक्ती

बाई, वह्यांची सूचना मान्य आहे. तासांची अट राहू द्या, पण परिषदेतील हे काम त्या ५० तासांत धरा, एवढाच माझा आग्रह आहे.