मदत हवी आहे : ७ जुलैच्या क्रीडा दिनविशेषात काय ठेवू, काय गाळू?

फलकलेखक
नमस्कार मंडळी,
शाळेच्या फलकावर रोजचा क्रीडा दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे. जागा जेमतेम आठ ओळींची. काही तारखांना तेवढंही सापडत नाही आणि ७ जुलैला मात्र नुसती गर्दी झाली आहे.

वाढदिवस: धोनी (१९८१), तो गाळायची माझी हिंमत नाही. फिगर स्केटिंगमधली पाच वेळची विश्वविजेती मिशेल क्वान (१९८०), बास्केटबॉलमध्ये चार ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारी लिसा लेस्ली (१९७२), बेसबॉलचा सॅचेल पेज (१९०६). घटनांमध्ये विम्बल्डनच विम्बल्डन: १९८५ बेकर, १९९० नवरातिलोवा, १९९१ श्टिश, २०१३ मरे. शिवाय फुटबॉल विश्वचषकाचे दोन अंतिम सामने, १९७४ पुरुषांचा आणि २०१९ महिलांचा.

यातलं काय ठेवू? आणि एकूणच तारीख कुठली धरायची? अली-फोरमन ही मुष्टियुद्धाची लढत आफ्रिकेतल्या किन्शासात ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे झाली, पण अमेरिकेत तेव्हा २९ ची रात्र होती. असं असलं की गोंधळ होतो.

नेटकॉर्ड
विम्बल्डनचा अंतिम टप्पा बहुतेकदा जुलैच्या सुरुवातीलाच येतो, त्यामुळे ही गर्दी होणारच. इथे हात आखडता घ्या. श्टिशसाठी वेगळी ओळ नको, त्याला बेकरच्याच ओळीत बसवा. १९८५ मध्ये सतरा वर्षांचा, बिगरमानांकित बेकर केविन करनला हरवून जिंकला. पुरुष एकेरीतला तो आजही सर्वांत लहान विजेता. सहा वर्षांनी त्याच तारखेला, त्याच कोर्टवर, स्वतःच्याच देशाच्या, म्हणजे जर्मनीच्या, श्टिशकडून सरळ सेटमध्ये हरला. मुलांना यात गोष्ट सापडेल.

मरेचं सोपं आहे. सातव्या महिन्याची सात तारीख, आणि १९३६ च्या फ्रेड पेरीनंतर ७७ वर्षांनी पुरुष एकेरीत ब्रिटिश विजेता. हे पाठ करावं लागत नाही. नवरातिलोवाला मात्र हात लावू नका. १९९० चं ते तिचं विम्बल्डनमधलं नववं एकेरी विजेतेपद, आणि हा आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही.

नारिंगी जर्सी
फुटबॉलचे दोन्ही सामने एकाच ओळीत घ्या, कारण दोन्हीकडे हरला तो नेदरलँड्स! १९७४ ला म्युनिकमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध सामना सुरू झाला, क्रायफ चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात घुसला, त्याला पाडलं आणि नेस्केन्सने पेनल्टीवर गोल केला. तोवर जर्मनांचा चेंडूला पायही लागला नव्हता. मग ब्राइटनरने पेनल्टीवरच बरोबरी साधली, मध्यंतराआधी म्युलरने दुसरा गोल मारला आणि २-१. पुढे २०१९ ला लियाँमध्ये डच महिला अमेरिकेकडून २-० हरल्या, पहिला गोल पुन्हा पेनल्टीवर, रॅपिनोचा. आम्हा डच समर्थकांना ही तारीख कॅलेंडरवरूनच काढून टाकावीशी वाटते. असो.

फलकलेखक
वा, दोन ओळी वाचल्या! पेजला गाळलं तर चालेल ना? आमच्या मुलांना बेसबॉलचा गंध नाही.

जुनी कात्रणं
अहो, नका गाळू. उलट वाढदिवसांत धोनीच्या खालोखाल तोच ठेवा. कृष्णवर्णीय असल्यामुळे उमेदीच्या काळात त्याला मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची, दारं बंद होती. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ मध्ये आत आला आणि पुढच्याच वर्षी ७ जुलैला, म्हणजे बेचाळिसाव्या वाढदिवशी, पेजला क्लीव्हलँडच्या संघाने करारबद्ध केलं. त्याच मोसमात क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली. या माणसाने स्वतःचं वय आयुष्यभर गूढ ठेवलं, हेही कंसात टाका.

तारखेचं म्हणाल तर जिथे खेळ झाला तिथली स्थानिक तारीख धरा. त्यामुळे अली ३० ऑक्टोबरला. सामना अनेक दिवस चालला असेल तर निकाल लागला तो दिवस. विम्बल्डनमधला इस्नर-माहू सामना २२ जून २०१० ला सुरू झाला आणि शेवटच्या सेटमध्ये ७०-६८ वर संपला २४ ला, तर तो २४ लाच. एकदा नियम ठरवला की वर्षभर बदलू नका, नाहीतर कुणीतरी चिकित्सक मूल पकडेलच.

फलकलेखक
मनापासून आभार. धोनी, पेज, क्वान, बेकर-श्टिश, नवरातिलोवा, मरे आणि डचांची ओळ. डचांना दोन ओळी लागणार, म्हणजे आठ भरल्या. लेस्ली बाहेर राहते, याचं वाईट वाटतं.

नेटकॉर्ड
तिला ३० जुलैला घ्या. २००२ मध्ये त्या दिवशी डब्ल्यूएनबीएतला (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) पहिला डंक, म्हणजे उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबणं, तिने मारला होता.