लेझर न लावताच पेशी मरतायत, चूक कुठे होतेय?

प्रश्न:
तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी आणि सोन्याचे नॅनोरॉड (अतिसूक्ष्म कांड्या) घेऊन फोटोथर्मल प्रयोग करतेय, म्हणजे रॉड लेझरचा प्रकाश शोषून तापतात आणि त्या उष्णतेने पेशी मारायच्या. रॉडचं शोषण ७९० नॅनोमीटरला, लेझर ८०८ चा. लेझर दिलेल्या पेशी मेल्या म्हणून मी खूश होते. मग रॉड घालून, लेझर न देता अंधारात ठेवलेली प्लेट पाहिली, तर तिथेही बहुतेक मेलेल्या! नुसता लेझर दिलेल्या पेशी मात्र ठणठणीत. रॉड दोनदा सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून तळाशी बसवून) धुतलेत. रॉड सोडून गोल कण घ्यावेत का?

उत्तर १:
गोल कणांकडे वळू नका. ते साधारण ५२० नॅनोमीटरला, म्हणजे हिरवा प्रकाश शोषतात. प्लेटमध्ये चालेल, पण शरीरात तोच प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन गिळतं. ६५० ते ९०० च्या पट्ट्यात ऊती त्यामानाने पारदर्शक असतात, रॉडचा खरा फायदा तिथेच. मुस्तफा एल-सय्यद यांच्या गटाने २००६ मध्ये ८०० नॅनोमीटरच्या लेझरने हे दाखवलं. रॉडवर ईजीएफआरला (कॅन्सरच्या पेशींवर जास्त असणाऱ्या प्रथिनाला) चिकटणारी प्रतिपिंडं बसवली होती. कॅन्सरच्या पेशी निरोगी पेशींच्या निम्म्या ऊर्जेत मेल्या. डार्क-फील्ड मायक्रोस्कोपखाली (यात काळ्या पार्श्वभूमीवर फक्त विखुरलेला प्रकाश दिसतो) त्याच रॉडमुळे त्या पेशी उजळून दिसत होत्या. निदान आणि उपचार एकाच कणात, मला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच.

उत्तर २:
माझा संशय सीटॅब या रसायनावर. द्रावणात रॉड वाढवताना तो लागतोच, पण आहे साबणाच्या जातीचा, पेशीचं पटल फोडतो. मी स्वतः यात कित्येक आठवडे घालवलेत, म्हणून कळकळीने सांगतो: शेवटच्या धुण्यानंतर वर राहिलेलं पाणी, कणांशिवाय, पेशींवर टाकून बघा. उत्तर एका दिवसात मिळेल.
त्या पाण्यानेही पेशी मेल्या तर रॉडवर थायोल-पेग लावा, म्हणजे टोकाला गंधक असलेला पेग हा पॉलिमर. गंधक सोन्याला घट्ट धरतं आणि सीटॅबला हटवतं. हटलेला सीटॅब पाण्यातच राहतो, त्यामुळे पेगनंतर पुन्हा धुवायचं. बरेच जण इथेच चुकतात. पेगच्या आधी मात्र जास्त धुऊ नका, रॉड एकमेकांना चिकटतात. शोषणाचा शिखरबिंदू बसका आणि रुंद झाला की समजा गुठळ्या झाल्या.

प्रश्नकर्ती:
वरचं पाणी टाकून पाहिलं. पेशी मेल्या, रॉडच्या प्लेटइतक्याच. म्हणजे लेझरवाल्या प्लेटचे आकडेही धरता येणार नाहीत, ते वहीत खोडून कारण लिहिलंय. पेग उद्या लावतेय. नंतर धुण्याच्या प्रत्येक फेरीचं पाणी वेगळं ठेवून तपासेन.